डेनॉन एव्हीआर-एक्स १७००एच : सराउंडचे कोणते सेटिंग कधी लावावे

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या घरी डेनॉनचा एव्हीआर-एक्स १७००एच हा रिसीव्हर (टीव्ही वगैरेंचा आवाज घेऊन तो स्पीकरांना वाटून देणारे यंत्र), पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा संच आला, आणि पुढचे सात महिने आम्ही तो चुकीच्या सेटिंगवर ऐकत राहिलो. यात रिसीव्हरचा काही दोष नव्हता. ज्या दुकानातून सामान घेतले तिथला मुलगा येऊन जोडणी करून गेला होता. त्याने वायरी ओढल्या, प्रत्येक स्पीकरला कान लावून पाहिले, ‘लो भिया, पाँचों बज रहे हैं’ असे जाहीर केले, चहा घेतला आणि गेला. पाचही वाजत होते हे खरेच होते, आणि पाचांचे पैसे मोजले आहेत तर पाचांनीही काम करावे हा हिशोब त्या वेळी मलाही पटला होता. त्याने लावून दिलेल्या पर्यायाचे नाव ‘मल्टी चॅनल स्टिरिओ’ असे आहे आणि त्यात डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचा, म्हणजे आवाजाच्या दोन स्वतंत्र धारांचा, आवाज सगळ्या स्पीकरांना वाटून दिला जातो, हे मला मे महिन्यात कळले. या परीक्षणात रिसीव्हरच्या इतर गुणांपेक्षा मी त्याच्या ध्वनी-पर्यायांविषयीच अधिक लिहिणार आहे, कारण हे यंत्र चांगले वाजते की वाईट हे माझ्या मते निम्म्याहून अधिक तिथेच ठरते.

यंत्राची ओळख थोडक्यात करून देतो. हा ७.२ वाहिन्यांचा रिसीव्हर आहे, म्हणजे सात स्पीकर चालवण्याची ताकद त्याच्यात आहे आणि दोन सबवूफर जोडण्याची सोय आहे. प्रत्येक वाहिनीला ८० वॉट अशी शक्ती कागदावर दिलेली असते, पण ती ८ ओहमच्या स्पीकरवर आणि एका वेळी दोनच वाहिन्या चालू असताना मोजलेली आहे. सातही एकदम चालवल्यावर प्रत्येकाला तेवढी मिळेल असे कोणी समजू नये. एचडीएमआयच्या सहा जागा आत येण्यासाठी आणि एक टीव्हीकडे जाण्यासाठी आहे, आणि टीव्हीकडून आवाज परत घेणारी ईआर्कची सोयही आहे. आमचा दिवाणखाना १६ फूट लांब आणि ११ फूट रुंद, जमिनीला जुनी मोझेक फरशी, एका बाजूला सोफा आणि डाव्या भिंतीला लागून माईचा दिवाण. एवढ्या खोलीला या रिसीव्हरची ताकद पुरून उरते. सातऐवजी पाचच स्पीकर लावले याची मला आजवर खंत वाटलेली नाही.

चूक उघडकीला आली ती वडिलांच्या कॅसेटींमुळे. वडिलांनी रेडिओवरून भरून ठेवलेल्या डझनभर कॅसेटी भाच्याने संगणकावर उतरवून दिल्या होत्या. त्यांत उस्ताद अमीर खाँ यांचे एक विलंबित गायन आहे. खाँसाहेबांचे वास्तव्य इंदूरचे आणि घराणेही इंदूरच्याच नावाने ओळखले जाणारे, त्यामुळे आमच्या घरात त्या कॅसेटीला मान मोठा. एका रात्री जेवणे झाल्यावर ती लावली. दिवाणावर बसलेली माई पाच मिनिटे शांतपणे ऐकत होती आणि मग मागे वळून म्हणाली, ‘अरे, खाँसाहेब आपल्या पाठीशी का बसलेत?’ मी सोफ्यावरून उठून तिच्या जागेवर जाऊन बसलो. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. गाणे समोरून येतच नव्हते. दिवाणाच्या मागच्या अंगाला, भिंतीवर टांगलेल्या डाव्या सराउंड स्पीकरमधून येत होते, आणि समोरचे तीन स्पीकर कुठेतरी लांब पुटपुटत होते.

याचे कारण साधे आहे आणि ते समजले की पुढची सेटिंगे आपोआप समजतात. माईच्या कानापासून तो मागचा स्पीकर जेमतेम ७५ सेंटिमीटरवर आणि समोरचा डावा स्पीकर सव्वातीन मीटरवर. ध्वनीला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एकच आवाज दोन्हींतून निघाला तर मागचा तिच्याकडे ७ मिलिसेकंदांहून अधिक आधी पोचतो. एकसारखे दोन आवाज इतक्या थोड्या अंतराने आले तर आपल्याला ते दोन म्हणून ऐकू येत नाहीत, आणि जो आधी पोचला त्याच्याच दिशेने सगळा आवाज आल्यासारखा वाटतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये आपल्या प्रबंधात या गोष्टीचा अभ्यास केला, म्हणून तिला हास परिणाम म्हणतात. रिसीव्हरला प्रत्येक स्पीकरचे अंतर सांगितले असेल तर जवळच्या स्पीकरचा आवाज तो तितका थांबवून सोडतो. आमच्या रिसीव्हरला अंतरे कोणी सांगितलीच नव्हती. कारखान्यातून आलेले आकडे तसेच होते. शिवाय रिसीव्हरने अंतरे कितीही बरोबर धरली तरी ती एका मुख्य जागेसाठी असतात, भिंतीलगतच्या दिवाणासाठी नव्हेत. समोर बसून गाणाऱ्या माणसाचा आवाज मागच्या स्पीकरला द्यायचाच कशाला, हा प्रश्न तरीही उरतोच.

त्या रात्री मी तेच पाच मिनिटांचे गायन निरनिराळ्या पर्यायांवर पुन्हा पुन्हा लावले. हा प्रयोग प्रत्येकाने करून पाहावा असा आहे, कारण एका वाहिनीच्या, म्हणजे मोनो, ध्वनिमुद्रणात पर्यायांचे गुणदोष सर्वांत उघडे पडतात. मोनोमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूला अगदी एकच आवाज असतो. ‘डॉल्बी सराउंड’ हा पर्याय लावला की रिसीव्हर दोन्ही बाजूंना सारखे असलेले सगळे मधल्या स्पीकरकडे पाठवतो, त्यामुळे खाँसाहेब थेट टीव्हीखालच्या कपाटात जाऊन बसले आणि बाकीचे चारही स्पीकर मुके झाले. मधला स्पीकर आडवा आणि आकाराने लहान, तो कपाटाच्या खणात ठेवलेला. स्वर स्वच्छ आला, पण खर्जाची भरीवता गेली. याच पर्यायात ‘सेंटर स्प्रेड’ नावाचे एक उपसेटिंग आहे, जे मधल्या स्पीकरचा आवाज डाव्या-उजव्यांनाही पसरवून देते. ते चालू केल्यावर बरे वाटले. ‘रॉक अरीना’ आणि ‘जॅझ क्लब’ हे पर्याय मी कुतूहलापोटी लावले आणि दहा सेकंदांत बंद केले. विलंबितातल्या दोन स्वरांमधली शांतता हीच त्या गाण्याची जागा आहे आणि हे पर्याय नेमकी तीच जागा खोट्या घुमाऱ्याने भरून टाकतात.

शेवटी नुसते ‘स्टिरिओ’ लावले. मागचे दोन्ही आणि मधला असे तीन स्पीकर गप्प झाले. समोरच्या दोघांतून एकच आवाज येत असल्याने गायक त्या दोघांच्या बरोबर मध्ये, टीव्हीच्या पडद्यापाशी आणि थोडा मागे बसल्यासारखा ऐकू येऊ लागला. तानपुरा त्याच्या मागे. पन्नास-साठच्या दशकातली जी चित्रपटगीते आपण ऐकतो, आपल्या इंदूरातच जन्मलेल्या लताबाईंची त्या काळची गाणी धरून, त्यांतलीही बहुतेक मुळात मोनो आहेत, तेव्हा हाच न्याय त्यांनाही लागू आहे. ‘डायरेक्ट’ नावाचा आणखी एक पर्याय आहे. त्यात स्वराची जाडी-पातळी बदलणारी सेटिंगे आणि खोलीप्रमाणे केलेली दुरुस्ती हे सारे बाजूला ठेवले जाते. पुष्कळ दर्दी लोक शुद्धतेच्या नावाखाली तोच लावा म्हणून सांगतात. गाद्या, गालिचे, पुस्तकांनी भरलेल्या कपाटांच्या खोलीत ते ठीक असेल. मोझेक फरशी आणि तीन उघड्या भिंतींच्या आमच्या दिवाणखान्यात ती दुरुस्ती काढून टाकणे म्हणजे चष्मा काढून वाचायला बसणे आहे.

या रिसीव्हरमध्ये खोलीची मोजणी करणारी ‘ऑडिसी मल्टईक्यू एक्सटी’ ही व्यवस्था आहे आणि तिच्यासाठी लागणारा छोटा माइक खोक्यातच येतो. तो माइक आमच्याकडे सात महिने प्लास्टिकच्या पिशवीत होता. मोजणी करायची तर खोलीत संपूर्ण शांतता हवी, म्हणून आम्ही रात्री साडेअकरानंतर बसलो. मे महिना, कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या. माइक कॅमेऱ्याच्या तिवईवर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला लावला. पहिली जागा सोफ्याच्या मध्यभागी, मग तिच्या आजूबाजूला दोन-दोन फुटांवर अशा एकूण आठ जागांवर तो हलवायचा आणि दर वेळी प्रत्येक स्पीकरमधून येणारी चिवचिवाटासारखी शिट्टी संपेपर्यंत श्वास रोखून भिंतीशी उभे राहायचे. तिसऱ्या जागेवर गल्लीतल्या कुत्र्यांनी घात केला आणि ती मोजणी पुन्हा करावी लागली. दिवाणावरची माईची जागा मी आठांत धरली होती. नंतर वाचनात आले की भिंतीला चिकटलेली जागा शक्यतो टाळावी. दुसऱ्या रात्री दिवाण भिंतीपासून दीड फूट पुढे ओढून सगळे पुन्हा केले.

पहिल्याच जागेवर पडद्यावर इशारा आला की डाव्या सराउंडची जोडणी उलटी असावी. वायर काढून पाहिली तर खरोखरच लाल टोक काळ्या खाचेत होते. असे झाले म्हणजे स्पीकर वाजतो, त्याला कान लावला तर काही वावगेही वाटत नाही, पण बाकीच्या स्पीकरांचे पडदे पुढे सरकतात तेव्हा याचा मागे जातो, आणि दोघांनी मिळून जो आवाज करायचा तो, विशेषतः खालच्या सुरांत, एकमेकांना खाऊन टाकतो. ‘पाँचों बज रहे हैं’ ही तपासणी इथे कामाची नाही, हे यावरून लक्षात यावे.

मोजणी झाली की बहुतेक लोक हुश्श म्हणून थांबतात. माझा सल्ला असा की त्यानंतरची पंधरा मिनिटे सर्वांत महत्त्वाची आहेत. रिसीव्हरने काय ठरवले ते यादीत उघडून पाहावे आणि चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, स्पीकरचा आकार. इथे ‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’ या शब्दांचा स्पीकरच्या दिसण्याशी काही संबंध नाही. हा स्पीकर अगदी खोल सुरांचे ओझे स्वतः उचलेल की ते सबवूफरकडे देईल, एवढाच त्याचा अर्थ आहे. आमच्या पाचही स्पीकरांना जोडणीच्या वेळी ‘लार्ज’ केले गेले होते. परिणामी पाच इंची वूफरला ढोलाचा ठोका पेलावा लागत होता, आणि दोन वाहिन्यांच्या संगीतात सबवूफरला काही कामच मिळत नव्हते, कारण पुढचे स्पीकर ‘लार्ज’ असले की साधारण व्यवस्थेत सबवूफरकडे फक्त चित्रपटातली वेगळी ‘.१’ वाहिनी जाते. गाण्यात ती वाहिनी नसतेच. कोपऱ्यातला तो जड खोका सात महिने शोभेचा होता म्हणायला हरकत नाही. मी सगळे ‘स्मॉल’ केले.

दुसरी गोष्ट, हे ओझे कुठून पुढे सबवूफरकडे जावे तो आकडा, म्हणजे क्रॉसओव्हर. मोजणीने पुढच्या दोघांना ६० हर्ट्झ दिले होते. मी ते ८० केले. मधल्याला ८०, मागच्या लहान स्पीकरांना १२० आले होते ते तसेच ठेवले. नियम एवढाच ध्यानात ठेवावा की मोजणीने दिलेल्या आकड्यापेक्षा वर जायला हरकत नाही, खाली मात्र जाऊ नये. खालच्या पट्ट्यात त्या स्पीकरचा आवाज पोचत नाही असे मोजणीला दिसलेले असते आणि तिथे दुरुस्तीही केलेली नसते. सबवूफरच्या पाठीवर स्वतःचे क्रॉसओव्हरचे बटण असते, ते सगळ्यात वरच्या आकड्यावर फिरवून ठेवावे, नाहीतर एकाच सुराला दोनदा चाळणी लागते. तिसरी गोष्ट, ‘एलएफईसाठी एलपीएफ’ असे लिहिलेले सेटिंग, म्हणजे त्या ‘.१’ वाहिनीला वरून लावलेली चाळणी. ते १२० हर्ट्झवर असते, तिथेच राहू द्यावे. वरच्या क्रॉसओव्हरशी त्याची गल्लत होऊन ते ८० वर आणले जाते आणि चित्रपटातल्या खोल आवाजाचा वरचा थर कापला जातो.

चौथी गोष्ट अंतरांची. पाचही स्पीकरांची अंतरे टेपने मोजली तर रिसीव्हरच्या आकड्यांशी इंचा-दोन इंचांत जुळली. सबवूफरचे मात्र प्रत्यक्षात ११ फूट आणि यादीत १७. मला वाटले मोजणी फसली, आणि मी ते ‘दुरुस्त’ करून ११ केले. तबल्याच्या बायाचा घुमारा लगेच ढिला पडला; ठोका आधी आणि त्याचे अंग नंतर असे काहीतरी होऊ लागले. खरे कारण असे की सबवूफरच्या आतल्या विद्युतमंडलामुळे आवाज बाहेर पडायलाच थोडा उशीर होतो आणि रिसीव्हर तो उशीर अंतर म्हणून दाखवतो. तो आकडा चुकीचा दिसला तरी बरोबर असतो. १७ परत आणला. सबवूफरची पातळी यादीत उणे १२ दाखवत असेल तर तो त्या मापाचा तळ आहे असे समजावे, सबवूफरचे स्वतःचे बटण खाली आणावे आणि मोजणी पुन्हा करावी.

स्पीकर कुठे टांगावेत याचे अंशही ठरलेले आहेत. पाच स्पीकरांच्या मांडणीत डॉल्बीच्या शिफारशीप्रमाणे पुढचे दोन ऐकणाऱ्याच्या नजरेच्या रेषेपासून २२ ते ३० अंशांवर आणि मागचे ११० ते १२० अंशांवर हवेत, म्हणजे कानांच्या किंचित मागे, कानांच्या पातळीपेक्षा थोडे वर. आमचे मागचे दोन कोपऱ्यांत, जरा उंचावर आणि सोफ्याच्या पार मागे होते. ते खाली आणि पुढे आणायला सुतार आणि वायरमन मिळून एक दिवस गेला. त्याहून स्वस्तात झालेली सुधारणा सांगायची तर फरशीवर टाकलेली जाड सतरंजी. समोरच्या स्पीकरांपासून सोफ्यापर्यंत ती अंथरली तेव्हा संवादांतले ‘स’ आणि ‘श’ टोचेनासे झाले. कोणत्याही मोडने एवढे काम केले नाही.

आता चित्रपटांकडे वळतो. इथे पहिली तपासणी रिसीव्हरची नव्हे, टीव्हीची करावी लागते. आमचा टीव्ही आवाज परत पाठवताना ‘पीसीएम’ या सेटिंगवर होता, आणि त्यामुळे चित्रपटात मुळात सहा वाहिन्या (पाच स्पीकरांच्या आणि एक ‘.१’, म्हणजेच ५.१) असल्या तरी टीव्ही त्यांच्या दोन करूनच रिसीव्हरकडे देत होता. त्यानंतर रिसीव्हर त्या दोनांतून पाच तयार करणार, म्हणजे दळलेल्या पिठातून पुन्हा गहू निवडायला बसण्यासारखेच. टीव्हीच्या आवाजाच्या यादीत ‘पास थ्रू’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ असा पर्याय असतो, तो निवडला. त्यानंतर रिमोटवरचे ‘इन्फो’ बटण दाबले की आत काय येते आहे ते पडद्यावर दिसते; तिथे ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ आणि पाच-एक असे दिसले तर मूळ माल आला. जुन्या पद्धतीने ऑप्टिकल वायर वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की त्या वायरीतून डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस या ध्वनिप्रकारांच्या ५.१ वाहिन्या जातात, पण डिजिटल प्लस जात नाही, आणि अॅटमॉसचा, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बीच्या तंत्राचा, तर प्रश्नच नाही.

मूळ माल ५.१ असेल तर रिसीव्हरने त्यात काही भर घालू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. चित्रपटाच्या आवाजाचे मिश्रण करणाऱ्याने पाऊस मागच्या स्पीकरांत ठेवला असेल तर तो तिथे ऐकू येतो, नसेल ठेवला तर नसावा. रिमोटवरच्या ‘प्युअर’ बटणातला ‘ऑटो’ हा पर्याय हे काम करतो: जितक्या वाहिन्या आल्या तितक्याच वाजवतो. यात पुष्कळ वेळ मागचे स्पीकर गप्प असतात. घरी आलेले पाहुणे ‘मागचे बंद पडले वाटतं’ असे हमखास म्हणतात. त्यांना बोलू द्यावे.

दोन वाहिन्यांच्या चित्रपटांची आणि मालिकांची गोष्ट वेगळी आहे. सेट-टॉप बॉक्सवरून येणारे बरेचसे कार्यक्रम दोनच वाहिन्यांचे असतात, आणि इथे ‘डॉल्बी सराउंड’ खरोखर उपयोगी पडते. या तंत्राला वंशपरंपरा आहे. सत्तरच्या दशकात चित्रपटगृहांसाठी चार वाहिन्या दोनांत गुंडाळून ठेवण्याची युक्ती निघाली, १९८२ मध्ये तिची घरगुती आवृत्ती आली, १९८७ मध्ये ‘प्रो लॉजिक’ आले, आणि २०१४ मध्ये अॅटमॉस घरांत येताना त्याच्यासोबत आजचे ‘डॉल्बी सराउंड’. मूळ युक्ती अशी की दोन्ही बाजूंना सारखे ते मध्ये पाठवायचे आणि दोन्ही बाजूंना एकमेकांच्या उलट ते मागे पाठवायचे. म्हणून मोनो गाण्यात जो पर्याय गायकाला कपाटात कोंडतो, तोच मालिकेत पात्रांचे बोलणे नेमके पडद्याखाली आणून ठेवतो, आणि दिवाणावर बाजूला बसलेल्या माईलाही पात्र पडद्यातच बोलते आहे असे वाटते. तिच्यासाठी हा फरक फार मोठा ठरला. मंचावर चित्रित केलेल्या मराठी नाटकांच्या ध्वनिमुद्रणालाही हेच लावावे. इथे इंदूरात सानंद या संस्थेच्या नाट्यप्रयोगांना जाणाऱ्यांना प्रेक्षागृहातला हशा पाठीमागून ऐकण्याची सवय असते. डॉल्बी सराउंडमध्ये संवाद पुढे राहतात आणि हशाचा बराचसा भाग मागे सरकतो. ‘डीटीएस न्यूरल एक्स’ हा प्रतिस्पर्धी पर्यायही यात आहे. तो मागच्या स्पीकरांना अधिक काम देतो. क्रिकेटच्या सामन्यात मैदानाचा गलका त्याच्यावर चांगला घेरतो, पण घरगुती मालिकेत पार्श्वसंगीत कानामागे येऊन वाजू लागते, आणि मराठी मालिकांत पार्श्वसंगीताची मुळात काही कमतरता नाही.

उंचीचा आभास देणारे पर्यायही आहेत, छतात स्पीकर नसताना अॅटमॉसचा परिणाम निर्माण करण्याचा प्रयत्न करणारे. आवाज थोडा मोठ्या पडद्याचा वाटतो, एवढे खरे. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेले असे मला एकदाही वाटले नाही.

संवाद ऐकू येत नाहीत ही घरोघरची तक्रार आहे, आणि तिच्यावर लोक सरसकट आवाज वाढवतात. मग मारामारी सुरू झाली की रिमोट शोधत धावतात. माझ्या अनुभवाने क्रम असा असावा: आधी मधल्या स्पीकरचे तोंड कानाकडे किंचित वर करावे आणि तो खणाच्या आत न ठेवता कडेला आणावा, मग त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी, आणि तरीही कमी पडले तर ‘डायलॉग एन्हान्सर’ सर्वांत खालच्या पायरीवर लावावे. रात्री उशिरा पाहायचे असेल तर ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ हलका किंवा मध्यम. तो बारीक आवाज वर आणि मोठा आवाज खाली आणतो. दिवसा तो बंदच असावा, कारण तो चित्रपटाला बातम्यांसारखे सपाट करून टाकतो.

त्याच्या शेजारचे ‘डायनॅमिक ईक्यू’ मात्र वेगळे आहे आणि दोघांची गल्लत होऊ नये. आवाज कमी केला की आपल्या कानांना खालचे सूर आधी ऐकू येईनासे होतात. हे सेटिंग ती तूट भरून काढते. रिसीव्हरच्या पट्टीवर ८० हा आकडा चित्रपटाची प्रमाण पातळी मानला जातो, आम्ही घरात ४५ ते ५५ च्या पुढे जात नाही, त्यामुळे ते आम्हाला हवेच. अडचण एवढीच की ते चित्रपटाचे माप गृहीत धरते. संगीत आणि टीव्हीचे कार्यक्रम मुळातच अधिक चढ्या पातळीवर भरलेले असतात, तेव्हा तीच भरपाई त्यांना जास्त होते आणि तबला ढोलासारखा घुमतो. यासाठी ‘रेफरन्स लेव्हल ऑफसेट’ आहे: चित्रपटांना ०, चढ-उतार फार असलेल्या शास्त्रीय संगीताला ५, टीव्हीच्या कार्यक्रमांना १०, आणि आजकालच्या ठासून भरलेल्या गाण्यांना १५. कंपनीच्या पुस्तिकेतला ५ चा आकडा पाश्चात्य वाद्यवृंद डोळ्यांपुढे ठेवून दिलेला दिसतो. आपल्या कॅसेटींवरच्या ख्यालाला मला १० अधिक मानवले.

एवढे सगळे दर वेळी यादीत शिरून बदलणे कोणाच्याही हातून होणार नाही, आणि म्हणूनच या रिसीव्हरवरची ‘क्विक सिलेक्ट’ची चार बटणे मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतात. मनासारखे लावून झाले की बटण दाबून धरायचे. मोड, आवाजाची पातळी आणि ऑडिसीची सेटिंगे त्यावर साठवली जातात. पातळीही साठते हे विसरून बटण मोठ्या आवाजात भरू नये, नाहीतर सकाळी सहाला भजन लावताना शेजारी उठतील. आमच्याकडे पहिल्यावर चित्रपट आहे, ‘ऑटो’. दुसऱ्यावर माईच्या मालिका आणि नाटके, ‘डॉल्बी सराउंड’, मधला स्पीकर तीन डेसिबल वर. त्या बटणावर मी कुंकवाएवढी लाल टिकली चिकटवली आहे आणि माई आता ते स्वतः दाबते. तिसऱ्यावर गाणे, नुसते ‘स्टिरिओ’. चौथ्यावर दुकानातल्या त्या मुलाने लावून दिलेले मल्टी चॅनल स्टिरिओच ठेवले आहे, गणपतीच्या दहा दिवसांसाठी, कारण आरतीला तीस माणसे दिवाणखान्यात चहूकडे उभी असतात आणि तेव्हा समोर कोण, मागे कोण हा प्रश्नच येत नाही.